जुने संगणक, नवे बोर्ड आणि सामाईक खरेदीचा हिशेब

(सामुदायिक रेडिओवरच्या दुपारच्या कार्यक्रमात झालेलं हे भाषण. ऐकणाऱ्या बऱ्याच मैत्रिणींनी ते लिखित स्वरूपात मागितलं, म्हणून इथे छापत आहोत.)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, याचा आपल्याशी काय संबंध? विषय आहे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या संगणकांचा. ते चालू ठेवण्यासाठी जगभरातले हौशी लोक एकत्र येऊन थोडेथोडे सर्किट बोर्ड कसे बनवून घेतात, ते आज सांगणार आहे. पण थोडा वेळ ऐकलंत तर लक्षात येईल की यातला अर्धा भाग विजेचा आहे आणि अर्धा भिशीचा, बचत गटाचा, चार घरांनी मिळून वर्षाचे गहू भरण्याचा आहे. पैसे आधी कोणी घालायचे? नाव देऊन ऐनवेळी माघार घेतली तर काय? माल सदोष निघाला तर कोणी सोसायचं? उरलं ते कोणाचं? हे प्रश्न गव्हाच्या पोत्याला जसे लागू, तसेच सर्किट बोर्डालाही.

बोर्ड म्हणजे नेमकं काय?

जुना रेडिओ किंवा टीव्हीचा रिमोट उघडून पाहिला असेल, तर आत एक हिरवट पाटी दिसते. तिच्यावर छोटे छोटे भाग बसवलेले असतात. ती पाटी म्हणजे सर्किट बोर्ड, किंवा दुकानदाराच्या भाषेत पीसीबी. काचेच्या तंतूंचं कापड आणि इपॉक्सी यांचा तो घट्ट थर असतो, साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. हा पत्रा किती पातळ, तर सहसा ३५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या तिसाव्या भागाच्या आसपास. नको असलेलं तांबं रसायनात विरघळवून काढतात आणि हव्या तेवढ्या रेघा मागे ठेवतात. या रेघा म्हणजेच तारा. मग भोकं पाडायची, भोकांच्या आतूनही तांब्याचा मुलामा द्यायचा, म्हणजे वरची रेघ खालच्या रेघेला जोडली जाते.

त्यावर हिरवा रंग चढतो. तो नुसता शोभेचा नसतो. जिथे जोडकाम करायचं नाही तिथे कथील पसरू नये, म्हणून तो झाकण घालतो. जे तांबं उघडं राहतं ते काळं पडू नये म्हणून त्याला कथलाचा थर देतात. आपल्या आज्या पितळेच्या पातेल्यांना कल्हई करून घ्यायच्या, तसाच हा प्रकार. शेवटी पांढऱ्या शाईने कुठे कोणता भाग बसवायचा ते छापतात. कारखान्यातून येतो तो असा कोरा बोर्ड. त्यावर भाग आणून बसवणं, सोल्डरने जोडणं, हे काम ज्याचं त्याने घरी करायचं असतं.

कोणते संगणक आणि कशासाठी?

जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर ऑल्टेअर ८८०० नावाचा संगणक झळकला. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातली एमआयटीएस ही कंपनी तो सुट्या भागांत विकत असे आणि लोक घरी जोडत. आतमध्ये खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेत एक कार्ड बसे. एका कार्डावर प्रोसेसर, दुसऱ्यावर मेमरी, तिसऱ्यावर टाइपरायटरसारख्या यंत्राची जोडणी. प्रत्येक कार्डाच्या खालच्या कडेला १०० संपर्कबिंदू, एका बाजूला ५० आणि दुसऱ्या बाजूला ५०. त्यावरूनच या पद्धतीला एस-१०० असं नाव पडलं. दुसऱ्या कंपन्यांनीही त्याच मापाची कार्डं बनवली आणि एकाचं कार्ड दुसऱ्याच्या पेटीत चालू लागलं. १९८३ मध्ये त्याचं रीतसर मानकही ठरलं. पण तोवर, ऑगस्ट १९८१ मध्ये, आयबीएमचा पीसी बाजारात आला होता आणि एस-१०० वाल्या कंपन्या एकेक करून मागे पडल्या.

आज ही यंत्रं हौशी लोकांच्या घरी आहेत. पेटी धड, वीजपुरवठा धड, पण मेमरीचं कार्ड गेलं, तर ते कुठून आणायचं? कंपनी कधीच बंद झालेली. जुनं कार्ड लिलावात निघालं तर किंमत अव्वाच्या सव्वा, आणि तेही चालेल याची खात्री नाही. फ्लॉपीची यंत्रं झिजली, तर त्यांच्या जागी कॅमेऱ्यातल्यासारखं मेमरी कार्ड लावता येईल असं नवं कार्ड हवं. ते त्या काळी अस्तित्वातच नव्हतं.

दुसरं दुखणं बॅटरीचं. ॲमिगा २००० किंवा मॅकिन्टॉश एसई/३० अशा ऐंशीच्या दशकातल्या संगणकांत घड्याळ चालू ठेवायला छोटी बॅटरी बोर्डावरच असे. माळ्यावर ठेवलेल्या यंत्रात ती वर्षानुवर्षं पाझरत राहते आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. तेव्हा जाणकार माणसं जुन्या बोर्डाची रेघ न् रेघ मोजून तसाच नवा बोर्ड आखतात आणि जुन्यावरचे धड भाग काढून नव्यावर बसवतात. रोप कुंडीतून काढून दुसऱ्या कुंडीत लावावं, तसं.

एवढा खटाटोप कशाला? एक कारण आठवणींचं आहेच. पण मोठं कारण समजून घेण्याचं आहे. आजच्या फोनच्या आत काय चाललंय ते कोणालाच डोळ्यांनी दिसत नाही. त्या जुन्या यंत्रात प्रत्येक रेघ बोट ठेवून दाखवता येते. शाळकरी मुलगीसुद्धा एका महिन्यात सांगू शकते, की हा आकडा इथून निघाला आणि तिथे पोचला. शेवटचं चालतं यंत्र बंद पडलं, की ते समजावून सांगायची सोयही गेली.

दोन गृहिणी आणि एक मेमरी कार्ड

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण एस-१०० च्या इतिहासात ती आपल्या जवळची आहे. कॅलिफोर्नियात वेस्टलेक व्हिलेज नावाच्या गावी लोरे हार्प आणि कॅरोल इली या दोन मैत्रिणी राहत. दोघींना घराबाहेरचं काहीतरी करायचं होतं. लोरेचे पती बॉब हार्प यांनी एस-१०० साठी ८ के मेमरीचं एक कार्ड आखलेलं होतं. १९७६ मध्ये या दोघींनी तेच कार्ड विकायचं ठरवलं. भांडवल ६,००० डॉलर, आणि सुरुवात घरातूनच. कंपनीचं नाव व्हेक्टर ग्राफिक. पुढे कार्डांवरून त्या पूर्ण संगणकांवर गेल्या आणि १९८१ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. आयबीएमच्या लाटेत तीही टिकली नाही. पण सुरुवात एका कार्डापासून झाली होती, हे ध्यानात ठेवा. त्या काळात थोडं भांडवल, एक नीट आखलेला बोर्ड आणि चोख हिशेब एवढ्यावर उद्योग उभा राहत असे. आजचे हौशी गट करतात ते काम त्याच जातीचं, फक्त नफ्याशिवाय.

पन्नास बोर्डांचं गणित

आता मूळ मुद्दा. एकत्र मागवायचं का?

याचं उत्तर ॲपलच्या जन्मातही सापडतं. स्टीव्ह वोझनियाक हे होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी मंडळात आपल्या संगणकाचे नकाशे फुकट वाटत. पण लोकांना ते घरी जोडायला सवड नसे. तेव्हा स्टीव्ह जॉब्ज म्हणाले, आपण कोरे बोर्डच छापून विकू. वोझनियाक यांनी नंतर सांगितलेला हिशेब असा: बोर्डाची आखणी करून घ्यायला सुमारे १,००० डॉलर, मग प्रत्येक बोर्ड २० डॉलरला पडेल आणि ४० ला विकायचा. म्हणजे घातलेले पैसे परत यायला ५० गिऱ्हाइकं हवीत. मंडळात तेवढे लोक घेतील का, याची वोझनियाक यांना शंकाच होती. पैसे उभे करायला जॉब्जनी आपली गाडी विकली आणि वोझनियाकनी आपला महागडा कॅल्क्युलेटर. पुढे एका दुकानदाराने कोरे बोर्ड नकोत, जोडलेले ५० संगणक द्या म्हटलं आणि गोष्टीने वेगळं वळण घेतलं. पण पहिला विचार हाच होता: एकदाच करायचा खर्च किती माथ्यांवर वाटला जाईल?

बोर्डाच्या कारखान्यातही हेच चालतं. यंत्रं लावणं, तुमच्या नकाशाची तयारी करणं, कडेला सोन्याचा मुलामा द्यायचा तर त्याची मांडणी करणं, हा खर्च एक बोर्ड केला तरी तेवढाच आणि शंभर केले तरी तेवढाच. चकलीचं पीठ भाजून, दळून, मळून ठेवायची मेहनत दहा चकल्यांना आणि शंभर चकल्यांना फार वेगळी नसते, तसंच. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. धरा, तयारीचा खर्च २०० डॉलर आणि त्यावर प्रत्येक बोर्डाचे ८ डॉलर.

१० बोर्ड मागवले, तर एकूण २८० डॉलर, म्हणजे एक बोर्ड २८ ला.
२५ मागवले, तर एकूण ४००, एक १६ ला.
५० मागवले, तर एकूण ६००, एक १२ ला.
१०० मागवले, तर एकूण १,०००, एक १० ला.

नीट बघा. दहावरून पंचवीसवर गेलो तर माणशी १२ डॉलर वाचतात. पन्नासवरून शंभरवर गेलो तर फक्त दोन. म्हणजे सुरुवातीची पंधरा माणसं मिळवणं फार मोलाचं आणि शेवटची पन्नास मिळवण्यासाठी जिवाचा आटापिटा करणं फुकट. नवशिका संयोजक नेमका इथे फसतो. ‘शंभर घेतले की दहालाच पडतात’ असं कारखान्याच्या दरपत्रकात दिसतं, त्याला मोह होतो, आणि मग कपाटात सत्तर बोर्ड पडून राहतात.

एक ऑर्डर कशी उभी राहते

पायरी पहिली, नमुना. कोणीतरी बोर्ड आखतो. हल्ली त्यासाठी किकॅड नावाची मोफत संगणकप्रणाली बहुतेक हौशी लोक वापरतात. ती १९९२ पासून आहे आणि पुढे युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेनेही तिला हातभार लावला. आखणी झाली की लगेच पन्नास मागवायचे नाहीत. आधी पाच नमुने मागवायचे आणि ते दोन वेगवेगळ्या माणसांनी जोडून पाहायचे. आखणाऱ्याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, कारण त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. चुका तरी कोणत्या? भोक बारीक ठेवलं आणि भागाचा पाय आत जात नाही. जोडणीचा सांधा आरशातल्यासारखा उलटा आखला गेला. रुंद चिपच्या जागी अरुंद चिपचं माप घेतलं.

एस-१०० मध्ये तर चूक जिवावर बेतते. त्या पद्धतीत पहिल्या संपर्कावर सुमारे ८ व्होल्ट आणि त्याच्या शेजारीच दुसऱ्यावर सुमारे १६ व्होल्ट असतात. चिपला हवे असतात ५ व्होल्ट, ते प्रत्येक कार्डावर वेगळे तयार करावे लागतात. म्हणून जाणती माणसं आधी फक्त व्होल्ट कमी करणारे भाग बसवून कार्ड खाचेत घालतात, मीटरने ५ व्होल्ट आले का ते मोजतात, आणि मगच दुर्मिळ चिपा बसवतात. फोडणी देण्याआधी तेल तापलंय का ते एक मोहरी टाकून बघतो ना, तशी ही मोहरी.

पायरी दुसरी, नावं. इथे दोन याद्या लागतात आणि त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात. एक इच्छेची, दुसरी पक्की. ‘मला दोन हवेत’ असं म्हणणाऱ्यांची पहिली यादी चाळीस जणांची झाली, तरी पैसे भरायच्या वेळी त्यातले पंचवीस-तीसच उरतील असं धरून चालावं. लोक खोटं बोलत नाहीत. त्या क्षणी त्यांना खरंच हवे असतात. पण मध्ये दोन महिने जातात, घरात खर्च निघतो, मन बदलतं. म्हणून शेवटची तारीख आधी सांगायची आणि त्या तारखेनंतर फक्त पक्की यादी मोजायची.

पायरी तिसरी, पैसे. मघाचाच हिशेब घ्या. इच्छेच्या यादीवर भरवसा ठेवून ५० बोर्ड ६०० डॉलरला मागवले, भाव १२ सांगितला आणि पैसे भरले तिसांनीच. आले ३६०. उरलेले २४० डॉलर संयोजकाच्या खिशातून गेले आणि २० बोर्ड त्याच्या कपाटात आले. म्हणून अनुभवी गट पैसे आधी घेतात आणि जमलेल्या पैशांएवढेच बोर्ड मागवतात, वर दोन-चार जास्त. ते जास्तीचे टपालात हरवलेल्यांसाठी. भाव सांगतानाच पैसे पाठवण्याचं शुल्क, पाकिटाचा पुठ्ठा आणि टपाल हे सगळं धरून सांगायचं. बोर्ड १२ चा आणि टपाल १५ चं निघालं की माणसं रुसतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

पायरी चौथी, नकाशाच्या फायली. कारखान्याला गर्बर नावाच्या फायली लागतात. वरचं तांबं, खालचं तांबं, वरचा आणि खालचा हिरवा थर, पांढरी छपाई, बोर्डाची कड, प्रत्येकाची वेगळी, आणि भोकांची आणखी एक. पाठवण्याआधी त्या दुसऱ्या माणसाने दुसऱ्या संगणकावर उघडून बघायच्या. बोर्डावर आवृत्तीचा आकडा छापलेला हवाच, म्हणजे दोन वर्षांनी कोणी तक्रार केली तर कोणत्या खेपेचा बोर्ड ते कळेल. आणि एक कडक नियम: नमुना तपासून झाल्यावर एकही रेघ हलवायची नाही. ‘जाता जाता एवढं सुधारतो’ म्हणून हात घातला, की तपासलेला बोर्ड वेगळा आणि मागवलेला वेगळा. मग पन्नासच्या पन्नास बोर्डांत एकच दोष येतो.

एस-१०० सारख्या कार्डांत कडेचे संपर्क वारंवार खाचेत घासतात. तिथे नुसतं कथील लवकर झिजतं, म्हणून निकेलवर सोन्याचा मुलामा मागतात आणि कड तिरकी घासून घेतात, म्हणजे कार्ड खाचेत अलगद जातं. हे दोन्ही मागणीपत्रात स्पष्ट लिहावं लागतं. लिहिलं नाही तर कारखाना करत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही.

पायरी पाचवी, माल आल्यावर. आधी मोजायचे. मग खोक्यातले तीन-चार बोर्ड वेगवेगळ्या जागचे काढून मीटरने तपासायचे, वीज आणि जमीन या दोन रेघा एकमेकींना कुठे चिकटल्या तर नाहीत ना. एस-१०० चा बोर्ड साधारण १० इंच बाय ५ इंच, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. तीस बोर्ड म्हणजे तीन किलो. प्रत्येकाला दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधायचं, पत्ता लिहायचा, टपालात रांग लावायची. हे काम कोणाच्या हिशेबात नसतं, पण दोन-तीन संध्याकाळी खातं.

पायरी सहावी, कागद. बोर्डाबरोबर लागणाऱ्या भागांची यादी आणि आढळलेल्या चुकांचं पत्रक. छोटी चूक राहिलीच, तर पातीने एक रेघ कापून दुसरीकडे बारीक तार जोडता येते. पण ते सर्वांना वेळेवर सांगितलं पाहिजे. चूक झाकली, तर तीस घरांत तीस माणसं रात्र रात्र बसून आपलंच काय चुकलं ते शोधत राहतील.

मधल्या माणसाचा भार

यात खरी जोखीम कुठे आहे? बोर्ड बिघडला तर पैसे जातात, ते पुन्हा मिळवता येतात. विश्वास गेला, तर पुढची ऑर्डर उभीच राहत नाही. या छंदात लोक एकमेकांना क्वचितच भेटतात. एक अमेरिकेत, दुसरा जर्मनीत, तिसरा ऑस्ट्रेलियात. कोणा एकाकडे सगळे पैसे जमा होतात, ते निव्वळ शब्दावर. संयोजक आजारी पडला, नोकरी सुटली, घरात काही झालं, तर बोर्ड महिनोन्‌महिने खोक्यात राहतात आणि इकडे लोकांच्या मनात शंका वाढत जाते. बहुतेक वेळा बेइमानी नसतेच. असते ती शांतता. काहीच कळवलं नाही, की माणूस वाईटातलं वाईट धरून चालतो.

यावरचे उपाय तुम्हाला बचत गटात पाठ झालेले आहेत. पैसा स्वतःच्या खर्चात मिसळायचा नाही. किती आले, किती गेले, याचा ताळेबंद सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. यादीची आणि फायलींची एक प्रत दुसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे असू द्यायची. उशीर होणार असेल तर होण्याआधी सांगायचं. उरलेले बोर्ड त्याच भावाने द्यायचे, आणि थोडे पैसे शिल्लक राहिलेच तर ते पुढच्या नमुन्याला वापरायचे, हेही आधीच ठरवून ठेवायचं. आणि एका माणसाने एका वेळी एकच ऑर्डर चालवायची. दोन खेपांचे पैसे एकत्र आले की हिशेबाचा गुंता झालाच म्हणून समजा.

आणखी एक नाजूक गोष्ट आहे, आखणी करणाऱ्याच्या हक्काची. त्याने रात्री जागून नकाशा केला आणि हौशी लोकांना फुकट दिला, याचा अर्थ तो कोणीही छापून नफ्याने विकावा असा होत नाही. त्याची परवानगी काय म्हणते ते वाचलं पाहिजे. असे प्रकार घडले की चांगली माणसं नकाशे देणं बंद करतात, आणि नुकसान सगळ्यांचं होतं.

आता स्वस्त झालंय, मग गरज काय?

हा प्रश्न रास्त आहे. चिनी कारखाने आता १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरपर्यंतचे पाच बोर्ड अगदी थोड्या डॉलरांत देतात. अमेरिकेत पोर्टलंड शहरात हौशी लोकांची एक सामाईक ऑर्डर चालायची. वेगवेगळ्या माणसांचे छोटे बोर्ड एकाच मोठ्या पाटीवर बसवायचे आणि मग कापून वाटायचे. शंकरपाळ्यांसाठी एक मोठी पोळी लाटून कापतो, तसं. त्यातूनच पुढे ओएसएच पार्क हा व्यवसाय उभा राहिला. जांभळ्या रंगाचे बोर्ड ही त्याची ओळख. तिथे चौरस इंचाला ५ डॉलर या दराने तीन प्रती मिळायच्या. छोट्या बोर्डाला हे उत्तम. पण ५० चौरस इंचांच्या एस-१०० कार्डाला त्याच दराने २५० डॉलर होतात, म्हणजे एक कार्ड ८३ ला. तेव्हा मोठ्या बोर्डांना आणि सोन्याच्या कडेला एकत्र येणं आजही परवडतं.

शिवाय भाव हे एकच कारण कधीच नव्हतं. तीस जणांनी एकच बोर्ड जोडला, की तीस जण एकमेकांना मदत करू शकतात. ‘माझं इथे अडलं’ म्हटलं की कोणीतरी म्हणतं, ‘माझंही अडलं होतं, अमुक पायाचं जोडकाम बघ.’ एकट्याने स्वस्तात पाच बोर्ड मागवले तर एक वापरला जातो, चार पडून राहतात आणि विचारायला कोणी नसतं. भागांचंही तसंच आहे. १९७६ पासून बनत आलेला झेड-८० हा प्रसिद्ध प्रोसेसर घ्या. झायलॉग कंपनीने त्याच्या मूळ, स्वतंत्र चिपच्या शेवटच्या ऑर्डरी जून २०२४ मध्ये घेऊन ते उत्पादन थांबवलं. पुढे जुन्या साठ्यावर भागवावं लागणार, आणि साठ्याच्या बाजारात नाव पुसून दुसरं छापलेल्या नकली चिपा असतात. दहा जणांनी मिळून घेतल्या, एकाने तपासल्या आणि मग वाटल्या, तर फसगत कमी होते.

कोणाला करून बघायचं असेल तर

भारतात राहून अशा परदेशी ऑर्डरीत भाग घ्यायचा, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कुरिअरने माल येताना केवायसीची कागदपत्रं द्यावी लागतात. आणि आयात शुल्क मोजताना वस्तूच्या किमतीत वाहतुकीचा खर्चही धरला जातो. म्हणून इथल्या चार-पाच जणांनी एकत्र एकच पार्सल मागवलं तर बरं पडतं. पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. खरी किंमत आणि ‘कोरे सर्किट बोर्ड’ असंच लिहिलेलं असावं.

घरात सोल्डरिंग करताना काळजी घ्या. जुन्या पद्धतीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. ते काम स्वयंपाकाच्या ओट्यावर नको, जेवणाच्या टेबलावर नको. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांना दूर ठेवा. बोर्डाची कड कानशीने घासायची झाली तर नाकातोंडावर मास्क लावा, कारण ती धूळ काचेची असते. आणि पहिलाच बोर्ड संगणकाचा घेऊ नका. दोन दिवे उघडझाप करणारा एखादा साधा बोर्ड आधी जोडा. हात बसला की पुढचं सोपं जातं.

मैत्रिणींनो, जोडकाम तर आपल्याला येतंच. मणी ओवणाऱ्या, बारीक टाके घालणाऱ्या बोटांना सोल्डरची काडी जड नाही. पण मला वाटतं, आपली त्याहून मोठी जमेची बाजू आहे ती हिशेबाची. नाव आणि पैसे यांतला फरक ओळखणं, आधी थोडं करून बघणं, चूक लपवून न ठेवणं, उरलंसुरलं कोणाचं ते अगोदर ठरवणं, उशीर झाला तर दारात जाऊन सांगणं. बचत गटाची वही नीट ठेवणारी बाई उद्या अशी ऑर्डर सहज चालवू शकेल. विजेचं तिला शिकवता येईल. वहीचं ती इतरांना शिकवेल.

पुढच्या आठवड्यात मीटर कसं वापरायचं, घरातला सेल संपला की नाही ते कसं ओळखायचं, हे बघू. तोपर्यंत नमस्कार.